उजनीचं पाणी नळाला, मग नुक्ताला काय?

ज्यांना कानात हेडफोन घालायला जमत नाही, बसमध्ये रेंज नाही किंवा वर्गात चोरून वाचायचंय, त्यांच्यासाठी या भागाचा लेखी मजकूर.

आज बोलायचंय पाणी आणि मासे यांच्याबद्दल. मी जामखेडची. आमच्याकडे पाण्याचा विषय निघाला की पहिलं नाव येतं भुतवडा तलावाचं, दुसरं टँकरचं, आणि आता तिसरं उजनीचं. जलाशयातून थेट पाइपनं शहराला पाणी आणायचं, अशी योजना आहे. पाणी हवंच. त्यावर वाद नाही. पण त्याच भीमेत एक जीव आपल्या आधीपासून राहतोय, त्याचं काय?

त्याचं नाव नुक्ता. डोळ्यांच्या पुढे, थुंथनीवर टेंगूळ आल्यासारखा दिसणारा मासा. कंपनी सरकारच्या काळात विल्यम साइक्स नावाचा अधिकारी दख्खनची पाहणी करत फिरत होता. १८३९ मध्ये त्यानं इथल्या माशांची शास्त्रीय वर्णनं छापली. नुक्ता त्याला मिळाला इंदापूरला, म्हणजे आज जिथे उजनीचं पाणी पसरलंय त्या भागात. गंमत बघा, साइक्सनं माशांना नावं दिली तीही इथल्याच लोकांच्या तोंडची. त्यामुळे जगभरचे शास्त्रज्ञ आजही ‘नुक्ता’, ‘खुदरी’, ‘सांडखोल’ असंच लिहितात. आपली भाषा विज्ञानात जाऊन बसली, आणि मासे मात्र नदीतून उठत चाललेत. नुक्ता आणि सांडखोल, दोघेही आंतरराष्ट्रीय लाल यादीत ‘संकटग्रस्त’ आहेत.

असं का झालं? नुक्ताला लागतं वाहतं पाणी आणि खडकाळ तळ. १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झालं आणि वाहती भीमा कित्येक किलोमीटर थांबलेलं पाणी झाली. थांबलेल्या पाण्यात कोण माजतं? चिलापी! तो आफ्रिकेतून आलेला. बरं, रोहू आणि कटला तरी आपले ना? तेही गंगेच्या खोऱ्यातले, मत्स्यबीज सोडून इकडे आणलेले. वरून पुणे-पिंपरीचं सांडपाणी, मध्ये वाळूउपसा, खाली बंधाऱ्यांची रांग. पावसाळ्याच्या पहिल्या पुरात मासे अंडी घालायला प्रवाहाच्या उलट वर चढतात, त्यांना आपण चढणीचे मासे म्हणतो. चढायला वाटच नसेल तर पुढची पिढी येणार कुठून?

आता खरा पेच. सोलापूर शहराला प्यायला पाणी देण्यासाठी वर्षानुवर्षं उजनीतून भीमेच्या पात्रात पाणी सोडलं जायचं, ते खाली औज बंधाऱ्यात साठवायचं. एका वेळेला पाच-सहा टीएमसी! वाटेत वाळूत मुरायचं, उन्हात उडायचं, मोटारी ओढायच्या. म्हणून उजनी ते सोलापूर ११० किलोमीटरची समांतर जलवाहिनी टाकण्यात आली, रोज १७ कोटी लिटरची. गणित करा. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर. १७ कोटींना ३६५ ने गुणा. वर्षभराचं पाणी भरतं २.२ टीएमसी. नदीतून एकदा सोडायचो त्याच्या निम्म्याहून कमी!

म्हणजे पाइप चांगलाच. पण नदीतून जायचं ते पाणी माणसासाठी होतं, तरी जाता जाता माशांचंही भागवायचं. डोह भरायचे, ऐन उन्हाळ्यात पात्राला ओल राहायची. पाइप आला की ही वाटेतली चैन बंद. आपण ज्याला ‘वाया जाणं’ म्हणतो, त्यातला थोडा भाग नदीचं जेवण होतं.

मग मासे वाचवायचे तर पिल्लं तयार करून सोडावीत का? लोणावळ्याला वळवण तलावाजवळ टाटांच्या वीज कंपनीनं १९७० च्या दशकापासून हेच केलं. खडस, म्हणजे साइक्सचाच ‘खुदरी’ महसीर, तिथे वाढवून लाखो पिल्लं देशभर दिली. एके काळी संकटग्रस्त असलेली ही जात आज लाल यादीत ‘किमान चिंता’ गटात आहे. मोठं काम. पण यातली काही पिल्लं कावेरीत सोडली गेली. तिथे कुबडाचा महसीर हा तिथलाच मासा होता. पाहुणा वाढत गेला, घरचा मागे पडला. २०१८ मध्ये कुबडाचा महसीर ‘अतिसंकटग्रस्त’ ठरला. पिल्लं सोडण्याआधी विचारायचं, कोणत्या नदीची जात? आणि त्या नदीत तिला जगायला जागा उरलीय का?

मला तर वाटतं, माशांना आपल्या वाटणीचं सगळं पाणी नकोच आहे. त्यांना हवंय योग्य वेळी, योग्य जागी आणि स्वच्छ. चार गोष्टी सांगते.

एक, नदीचा वाटा. पाइपनं वाचलेल्या पाण्यातलं फक्त एक टीएमसी एप्रिल-मेमध्ये ६० दिवस सलग सोडलं, तर सुमारे १९० क्युसेकची धार होते. वाटेत मोटारी लागतील, म्हणून तेवढे दिवस उपशावर लक्ष हवं. गंगेसाठी केंद्रानं २०१८ मध्ये नियम केला, वरच्या टप्प्यात पावसाळ्यात सरासरी प्रवाहाच्या ३० टक्के आणि हिवाळ्यात २० टक्के पाणी नदीतच राहिलं पाहिजे. तसा नियम भीमेला, सीनेलाही हवा.

दोन, बंधाऱ्याच्या फळ्या. कोल्हापुरी बंधाऱ्याच्या फळ्या पहिल्या पुराआधी काढल्या की चढणीची वाट मोकळी. याला जादा पाणी लागत नाही.

तीन, डोह. महाडजवळ वाळण कोंडीत काळ नदीच्या डोहातले मासे देवीचे म्हणून कुणी धरत नाही. ते टिकले. प्रत्येक तालुक्यानं एक डोह असा राखावा, तिथे ना मोटार, ना वाळूउपसा.

चार, आणि ही थेट आपल्यावर येते. नळाला आलेल्या पाण्यातलं ८० टक्के सांडपाणी होतं, असं योजना आखताना अभियंते धरतात. जामखेडचं सांडपाणी उताराला लागून विंचरणेत, तिथून सीनेत, आणि सीना हत्तरसंग कुडलला पुन्हा भीमेला मिळते. म्हणजे उजनीतून आणलेलं पाणी आपण भीमेलाच परत देणार आहोत. कसं देतो, गटार म्हणून की शुद्ध करून, एवढाच प्रश्न आहे. नीट शुद्ध केलं तर तीच विंचरणेची उन्हाळ्यातली धार होईल.

२०२४ च्या उन्हाळ्यात उजनी वजा ५० टक्क्यांच्याही खाली गेली होती, आठवतंय ना? अशा वर्षी आधी माणसं आणि जनावरं, हे मलाही मान्य. पण चांगल्या पावसाच्या वर्षीही नदीचा वाटा शून्यच असेल, तर ती टंचाई नाही, ती आपली सवय आहे.

तुमच्यासाठी काम: घरातल्या आजी-आजोबांना किंवा बाजारातल्या मासेवाल्या मावशींना विचारा, पूर्वी नदीत कोणते मासे मिळायचे? नावं त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करा. आणि पाण्याच्या योजनेवर गावात सभा झाली, तर उभं राहून एकच विचारा, ‘पाणी येणार कधी ते कळलं, पण वापरलेलं पाणी जाणार कुठे?’

भेटू पुढच्या भागात.