पाचव्या मजल्यावरचा खिडक्यांचा कारखाना

न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगचा पाचवा मजला २०१० साली काही महिने चक्क कारखाना झाला होता. रात्री कचेऱ्या रिकाम्या झाल्या, की कामगार खिडक्यांची दुहेरी काचेची तावदानं उतरवून तिथे आणत. दोन्ही काचा सुट्या करून धुवायच्या, मधे उष्णता अडवणारी पारदर्शक फिल्म ताणून बसवायची, पोकळीत आरगॉन-क्रिप्टॉन वायू भरायचा, कडा पक्क्या करायच्या आणि तावदान पुन्हा आपल्या जागी. अशा ६,५१४ खिडक्या झाल्या. ९६ टक्क्यांहून अधिक काचा आणि चौकटी जुन्याच राहिल्या.

१०२ मजल्यांची ही आर्ट डेको इमारत १ मे १९३१ रोजी खुली झाली. १९८१मध्ये शहराने तिला वारसा इमारतीचा दर्जा दिला. तेव्हापासून तिच्या बाह्यरूपाला परवानगीशिवाय हात लावता येत नाही. इथे त्या रूपाला धक्का न लावता खिडकीची उष्णता रोखण्याची ताकद तिपटीच्या आसपास वाढली.

खरी हुशारी होती ती कामांच्या क्रमात. ऊर्जा वाचवण्याच्या साठाहून अधिक कल्पनांमधून आठ निवडल्या गेल्या. आधी खिडक्या. मग वाफेवर तापणाऱ्या रेडिएटरच्या मागे उष्णतारोधक पत्रे, म्हणजे ऊब भिंतीवाटे रस्त्यावर न जाता खोलीत परतते. जोडीला दिव्यांची नवी व्यवस्था. एवढ्याने थंडाव्याची गरज सुमारे एक-तृतीयांशाने घटली आणि वातानुकूलनाची अवजड यंत्रं बदलण्याचा बेत रद्द झाला. जुन्या चिलरचे सांगाडे तसेच ठेवून आतल्या नळ्या आणि मोटारी तेवढ्या नव्या घातल्या. माठ गळत असेल, तर जास्त पाणी भरण्याआधी भेग बुजवावी, एवढंच हे शहाणपण. योजनेचा हिशेब होता ऊर्जावापर ३८ टक्क्यांनी कमी करण्याचा आणि वर्षाला ४४ लाख डॉलर वाचवण्याचा. त्यासाठीचा वाढीव खर्च साधारण तीन वर्षांत वसूल होणार होता.

मुंबईला ही गोष्ट परकी नाही. ओव्हल मैदान आणि मरीन ड्राइव्हच्या आर्ट डेको इमारती २०१८पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. त्यांच्या खिडक्यांवरचे लांबलचक छज्जे शोभेपुरते नाहीत. ऊन-पाऊस अडवणं हे त्यांचं काम. न्यूयॉर्कची फिल्म इथे जशीच्या तशी चालेलच असं नाही, पण क्रम तोच चालेल: आधी सावली, वारा आणि फटी, यंत्र शेवटी.

तेव्हा सोसायटीच्या सभेत जुन्या सागवानी खिडक्या काढून ॲल्युमिनियमच्या स्लायडिंग बसवायचा ठराव आला, तर हात वर करण्याआधी एकदा चांगला सुतार बोलावून त्या खिडक्या दाखवा.