सविराम उपवास

वजन घटविण्यासाठी ठराविक काळ अन्न वर्ज्य करून उरलेल्या काळातच आहार घेण्याची पद्धती. रोज सोळा तास उपाशी राहणे किंवा आठवड्यातून दोन दिवस अत्यल्प आहार घेणे, हे तिचे रूढ प्रकार होत. आरंभी डोकेदुखी व चिडचिड जाणवते. मात्र पहिल्याच आठवड्यात वजन झपाट्याने उतरल्याचे पुष्कळ जण सांगतात. हा अनुभव खोटा नसतो. परंतु ही घट बव्हंशी पाण्याची असते. यकृत व स्नायूंतील ग्लायकोजेन सुमारे तिप्पट पाण्यासह साठविलेले असते. ते खर्ची पडताच हे पाणी निघून जाते व आहार पूर्ववत होताच परत येते. मेद सावकाश घटतो.

ग्वांगजो (चीन) येथील १३९ स्थूल व्यक्तींवरील चाचणीत (२०२२) सर्वांच्या आहाराचे ऊष्मांक सारखेच मर्यादित केले होते. वर्षअखेर सकाळी ८ ते दुपारी ४ या वेळातच जेवणाऱ्यांचे वजन सरासरी ८ किग्रॅ., तर वेळेचे बंधन नसणाऱ्यांचे ६·३ किग्रॅ. उतरले. हा फरक सांख्यिकीय दृष्ट्या लक्षणीय ठरला नाही. म्हणजे लाभ मुख्यतः कमी खाण्याचा. साबुदाण्याच्या खिचडीवरील एकादशीने वजन उतरत नाही, ते यामुळेच. इन्सुलीन घेणाऱ्या मधुमेहींची रक्तशर्करा उपवासात धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. त्यांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय तो करू नये.