विज्ञानावरील लोकविश्वास आणि शिक्षण : सर्पदंशाच्या संदर्भात

प्रस्तावना
उल्हास नदीकाठचे दहिवली आणि एकूणच कर्जत-खालापूर परिसर हा भातशेतीचा प्रदेश होय. पावसाळ्यात लावणी-बेणणीच्या काळात येथे सर्पदंशाचा धोका वाढतो. रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्यावे की आधी मांत्रिकाकडे, हा निर्णय कुटुंबाच्या विज्ञानावरील विश्वासाशी निगडित असतो. हा विश्वास शिक्षणातून कसा निर्माण होईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

श्रद्धेमागील अनुभव
मंत्रोपचारावरील श्रद्धा केवळ अज्ञानातून येत नाही. बहुसंख्य साप बिनविषारी असतात. विषारी सापाच्या प्रत्येक दंशातही विष शरीरात शिरतेच असे नाही. असे रुग्ण उपचारांविनाही बरे होतात आणि श्रेय मंत्राला मिळते. याउलट नाग, मण्यार, घोणस किंवा फुरसे यांची विषबाधा झालेला रुग्ण उशिरा रुग्णालयात पोहोचून दगावला, तर दोष औषधाला दिला जातो. अनुभव खरा असतो, अनुमान मात्र चुकते. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने सर्पदंश झालेल्या व्यक्तीस वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे हा गुन्हा ठरविला. तथापि, कायद्याने धाक निर्माण होतो, विश्वास नव्हे.

रायगडमधील उदाहरण
याच जिल्ह्यातील महाड परिसरात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या रुग्णांची बारकाईने निरीक्षणे नोंदविली. ती १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे त्यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग रूढ केला. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, केवळ प्राझोसिनपेक्षा त्यासोबत विंचूविरोधी लस दिल्यास रुग्ण लवकर बरे होतात, असे त्यांनीच दाखविले. स्वतःच्या उपचारपद्धतीचीही पुन्हा तपासणी करण्याची ही वृत्तीच विज्ञानाच्या विश्वासार्हतेचा पाया आहे.

अध्यापनाची दिशा
‘मंत्राने किती बरे झाले?’ एवढेच न विचारता ‘मंत्राविना किती बरे झाले असते?’ हा तुलनेचा प्रश्न विद्यार्थ्यांना विचारता आला पाहिजे. साप कोणता होता, विषबाधेची लक्षणे होती काय, उपचार केव्हा सुरू झाले, या नोंदींवाचून निष्कर्ष काढता येत नाही, हे त्यांना उमगावे. सर्पविषप्रतिबंधक लशीचीही तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते, म्हणून ती वैद्यकीय देखरेखीखालीच द्यावी लागते, हेही सांगावे. मर्यादा लपविल्याने विश्वास वाढत नाही. त्या उघड झाल्यावर तो ढासळतो.

समारोप
ग्रामीण विद्यार्थी हा महाविद्यालय आणि कुटुंब यांमधील दुवा आहे. घरातील वडीलधाऱ्यांच्या अनुभवाची अवहेलना न करता त्याचा वेगळा अर्थ समजावून सांगण्याची क्षमता त्याच्या ठायी निर्माण करणे, हे विज्ञानशिक्षणाचे प्रमुख कार्य ठरते. ऐन प्रसंगी रुग्णालयाकडे वळलेली पावले हीच त्या शिक्षणाची खरी परीक्षा होय.