शीलिंग पूल

शीलिंग पूल हा चीनच्या च-च्यांग प्रांतातील हांगचौ शहरात पश्चिम सरोवरावर असलेला एक ऐतिहासिक, एकाच कमानीचा दगडी पूल आहे. सरोवरातील कूशान बेटाचे वायव्य टोक त्याने उत्तर किनाऱ्याशी जोडले आहे. बेटाच्या पूर्वेकडील 'तुटका पूल' श्वेतसर्पिणीच्या दंतकथेमुळे जगप्रसिद्ध झाला. त्या मानाने शीलिंग पुलाकडे पर्यटकांचे लक्ष कमी जाते. चिनी साहित्य, कला व इतिहास यांच्या दृष्टीने मात्र त्याचे स्थान महत्त्वाचे आहे.

नाव

नावातील 'लिंग' या चित्राक्षराचा अर्थ निर्मळ, शीतल असा आहे. 'थंड' या अर्थाचे चित्राक्षर त्याच्यापेक्षा केवळ एका बिंदूने वेगळे असल्यामुळे हे नाव पुष्कळदा चुकीचे वाचले जाते. शिक्के कोरण्याच्या कलेच्या जतनासाठी 1904 साली कूशानवर स्थापन झालेल्या संस्थेने याच पुलावरून 'शीलिंग' हे नाव घेतले. 1913 साली चित्रकार वू छांगश्वो तिचे पहिले अध्यक्ष झाले.

दोन समाध्या

पुलालगत सू श्याओश्याओ हिची समाधी आहे. दक्षिण छी राजवटीच्या काळातील (पाचवे शतक) ही गणिका तिच्या काव्यप्रतिभेसाठी स्मरली जाते. तिच्या नावावर असलेल्या एका जुन्या गीतात शीलिंगचा उल्लेख येतो. थांग काळातील कवी ली ह याने तिच्या समाधीवर कविता रचली.

पुलाच्या कूशानकडील बाजूस क्रांतिकारक कवयित्री छ्यू चिन हिची समाधी आहे. छिंग सत्तेविरुद्ध उठावाची तयारी केल्यावरून 1907 साली शाओशिंग येथे तिचा शिरच्छेद करण्यात आला. पश्चिम सरोवराकाठी चिरविश्रांती मिळावी, ही तिची इच्छा होती. श्यू च-ह्वा आणि वू च-यिंग या मैत्रिणींनी धोका पत्करून 1908 साली तिला या पुलाजवळ दफन केले. पण सरकारने त्याच वर्षी समाधी हलवण्यास भाग पाडले. त्यानंतरही तिचे अवशेष अनेकदा हलवले गेले.

1964 साली या परिसरातील दोन्ही समाध्या काढून टाकण्यात आल्या. छ्यू चिनचे अवशेष 1981 साली पुलाजवळ परत आले, तर सू श्याओश्याओची समाधी 2004 साली पुन्हा बांधण्यात आली.

सद्यस्थिती

पश्चिम सरोवराचा सांस्कृतिक परिसर 2011 साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाला. एक गणिका आणि एक क्रांतिकारक, अशा सुमारे चौदाशे वर्षांच्या अंतराने होऊन गेलेल्या दोन कवयित्रींच्या स्मृती या छोट्याशा पुलापाशी एकत्र नांदतात.