वादळात घराचं छप्पर उडालं तर काय करावं? पंचनाम्यापासून मदत मिळेपर्यंतची माहिती

वादळ म्हणजे कोकणचं दुखणं, असं आपण घाटावरची माणसं वर्षानुवर्षं समजत आलो. ३ जून २०२० ला हा समज मोडला. त्या दिवशी दुपारी 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर धडकलं. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. किनाऱ्यावर ते थांबलं नाही. सह्याद्री ओलांडून पुणे, अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) आणि नाशिकच्या दिशेने पुढे सरकलं.

भंडारदरा, शेंडी, रतनवाडी, घाटघर, राजूर हा अकोले तालुक्याचा पट्टा जिल्ह्यातला सर्वात जास्त पावसाचा. इथे जूनच्या सुरुवातीला छप्पर उडालं तर पुढे चार महिने पाऊस उभा असतो. सरकारी मदत येईल तेव्हा येईल, पाऊस मात्र थांबत नाही. त्यामुळे अशा वेळी काय आधी करायचं, कोणाकडे जायचं आणि पैसे कुठे अडकतात, हे आधीच माहीत असलेलं बरं. म्हणून ही माहिती आम्ही एका जागी देत आहोत.

पहिल्या दिवशी काय करावं?

आधी माणसं, मग सामान. भिंत कलली असेल, मातीच्या भिंतीला उभी चीर गेली असेल तर त्या घरात झोपू नका. शेजारी, नातेवाईक किंवा शाळेत मुक्काम हलवा. विजेची तार तुटून पडली असेल तर तिच्या जवळ जाऊ नका. महावितरणला १९१२ वर कळवा. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा नंबर १०७७ आहे, राज्याचा १०७०.

यानंतर बरेच जण एक गोष्ट विसरतात. ताडपत्री टाकण्याआधी मोबाईलवर फोटो काढा. घराचा समोरून एक फोटो, चारही बाजूंचे फोटो, उडालेले पत्रे, मोडलेले वासे, भिजलेलं धान्य, कपडे, भांडी. घरातला कोणीतरी माणूस फोटोत उभा असावा, म्हणजे घर कोणाचं यावर वाद होत नाही. फोटो झाले की मग खुशाल घर झाका. 'पंचनामा होईपर्यंत काही हलवू नका' असं कोणी सांगतं म्हणून लेकरांना पावसात ठेवायची गरज नाही. मोडलेले पत्रे आणि लाकडं मात्र फेकू नका, भंगारात घालू नका. पंचनामा होईपर्यंत अंगणात एका बाजूला रचून ठेवा.

पंचनामा म्हणजे सगळ्या मदतीचं मूळ

तलाठी आणि ग्रामसेवक येऊन नुकसानीची पाहणी करतात, पंचांसमोर लिहून घेतात. हा अहवाल तहसील कार्यालयात जातो आणि त्यावरून मदतीची यादी बनते. पंचनाम्याला एक रुपयाही फी नसते. 'तुमचं नाव घालून देतो' म्हणून कोणी एजंट पैसे मागत असेल तर देऊ नका.

पाहणीच्या वेळी घरात कोणीतरी मोठं माणूस हजर पाहिजे. लिहिलेलं वाचून घ्या, मगच सही करा. वाचता येत नसेल तर शिकलेल्या पोराला किंवा पोरीला सोबत ठेवा. कारण मदत किती मिळणार हे त्या कागदावरच्या एका शब्दावर ठरतं. केंद्र सरकारने २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठी ठरवलेले दर असे आहेत :

- घर पूर्ण पडलं असेल तर सपाट भागात १ लाख २० हजार, डोंगराळ भागात १ लाख ३० हजार रुपये
- घर अंशतः पडलं असेल (किमान १५ टक्के नुकसान) तर पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्या घराला ४,००० रुपये
- झोपडीला ८,००० रुपये
- घराला लागून असलेल्या गोठ्याला ३,००० रुपये
- घर पूर्ण पडलं, वाहून गेलं किंवा दोन दिवसांपेक्षा जास्त पाण्यात राहिलं तर कपड्यांसाठी २,५०० आणि भांडी-सामानासाठी २,५०० रुपये
- दुभती गाय किंवा म्हैस दगावली तर ३७,५००, शेळी-मेंढीला ४,००० रुपये

'पूर्ण' आणि 'अंशतः' या दोन शब्दांमध्ये लाखापेक्षा जास्त फरक आहे, हे ध्यानात ठेवा. छप्पर गेलं आणि भिंतीही राहण्याजोग्या उरल्या नसतील तर तसं स्पष्ट लिहायला सांगा. नुकसान १५ टक्क्यांच्या खाली लिहिलं गेलं तर काहीच मिळत नाही.

मोठ्या आपत्तीत राज्य सरकार या दरांच्या वर मदत जाहीर करू शकतं. 'निसर्ग'च्या वेळी पूर्ण पडलेल्या घराचा दर ९५,१०० रुपये होता, तो राज्याने दीड लाख केला. म्हणून वादळानंतर नवीन शासन निर्णय निघाला आहे का, हे तहसीलमध्ये विचारत राहा.

आपल्या घरांत पैसे कुठे अडकतात?

नियमानुसार मदत मिळायला घर अधिकृत असावं लागतं. गावात त्याचा पुरावा म्हणजे ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा आणि घरपट्टीची पावती. अनेक घरांत हा उतारा अजून आजोबांच्या नावावर असतो. आजोबा अल्लाहला प्यारे होऊन वीस वर्षं झाली, घरात तीन भाऊ राहतात, पण वारसनोंद कोणीच केली नाही. मग मदत कोणाच्या खात्यावर जमा करायची, यावर फाईल थांबते.

यावर उपाय वादळाच्या आधीच करायचा असतो. मृत्यूचा दाखला आणि वारसांची माहिती देऊन ग्रामपंचायतीत नोंद करून घ्या. आणि नोंद करताना बहिणींची नावं वगळू नका. मुलीचा हिस्सा कुरआनने ठरवून दिला आहे, तो भावांच्या मर्जीवर सोडलेला नाही.

आधार, रेशनकार्ड, बँक पासबुक, उतारा आणि घरपट्टीची पावती यांच्या झेरॉक्स प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, फोटो मोबाईलवर ठेवा. मदत थेट खात्यात येते, म्हणून बँक खातं चालू आणि आधारला जोडलेलं पाहिजे.

भाड्याने राहणाऱ्यांनीही पंचनाम्यात आपलं नाव घालून घ्यावं. घराच्या पडझडीचे पैसे मालकाचे, पण कपडे-भांड्यांची मदत कुटुंबासाठी असते.

यादीत नाव आलं नाही तर

ग्रामपंचायतीत यादी बघा. नाव नसेल तर अकोल्याच्या तहसीलदारांना लेखी अर्ज करा, सोबत फोटो जोडा आणि आपल्या प्रतीवर पोच घ्या. तोंडी सांगितलेलं कुठेच नोंदलं जात नाही. तिथे काम झालं नाही तर प्रांताधिकाऱ्यांकडे जा. पंचनाम्याची नक्कल माहिती अधिकारात १० रुपये फी भरून मागता येते, उत्तराची मुदत ३० दिवस.

आणखी एक हक्क फार कमी लोकांना माहीत आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार आपत्तीत सापडलेल्या माणसाला मोफत वकील मिळू शकतो. त्यासाठी न्यायालयातल्या तालुका विधी सेवा समितीकडे जा किंवा १५१०० वर फोन करा.

घर पूर्ण गेलं असेल तर घरकुल योजनेच्या यादीत आपलं नाव आहे का, तेही ग्रामपंचायतीत विचारून घ्या.

जमातीने काय करावं?

साडेसहा हजारांत आजकाल छप्पर होत नाही. बाकीचा भार समाजानेच उचलायचा आहे. इथे एक गैरसमज दिसतो, की ज्याच्या मालकीचं घर आहे त्याला जकात कशी द्यायची? राहतं घर निसाबमध्ये धरत नाहीत. घर असूनही माणूस जकातीचा हकदार असू शकतो. हनफी मसलकात जकातीचा पैसा हकदाराच्या मालकीचा करून द्यावा लागतो, म्हणून पत्रे घेऊन द्यायचे असतील तर ते त्याच्या हवाली करा. मशिदीचं छप्पर मात्र जकातीतून होत नाही, त्यासाठी चंदा वेगळा काढावा. बारकावे आपल्या आलिमांना विचारून घ्या.

व्याजाचं कर्ज टाळायचं तर कर्ज-ए-हसना हा रस्ता आहे. मात्र रक्कम, मुदत आणि दोन साक्षीदार लिहून ठेवा. उधारी लिहून ठेवण्याचा हुकूम कुरआनमध्येच आहे.

आणि सदका देताना शेजारच्या महादेव कोळी, ठाकर वाड्या विसरू नका. वाऱ्याने कोणाचं घर मजहब विचारून पाडलेलं नसतं.

पुन्हा छप्पर घालताना

वारा पत्रा उचलतो तो आधी कडेने आणि कोपऱ्यातून. म्हणून तिथे हुक-बोल्ट जवळजवळ घ्या, वायसर विसरू नका. भिंतीबाहेर येणारा पत्रा फार लांब ठेवू नका. वासे भिंतीला लोखंडी पट्टीने बांधून घ्या. पत्र्यावर दगड ठेवायची सवय मात्र सोडा. वादळात तोच दगड घरातल्या माणसाच्या डोक्यात पडतो.

या जुम्याला नमाजनंतर दहा मिनिटं काढून मोहल्ल्यात कोणाकोणाचा उतारा अजून मयत माणसाच्या नावावर आहे, एवढी तरी यादी करा. लिहिता-वाचता येणाऱ्या दोन मुलांवर त्या नोंदी पूर्ण करायची जबाबदारी द्या. पुढचं वादळ येईल तेव्हा, इन्शाअल्लाह, निदान कागदापायी कोणाचं घर उघडं राहणार नाही.