जालन्याची ख्रिस्ती परंपरा आणि जुन्या गोव्यातील पवित्र अवशेष

जालना परिसरातील प्रॉटेस्टंट ख्रिस्ती परंपरेची पायाभरणी नारायण शेषाद्री यांनी केली. १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेल्या या ब्राह्मण मिशनऱ्याने फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडच्या वतीने काम करीत जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवले. मात्र या परंपरेत पवित्र अवशेषांच्या, म्हणजे संताच्या देहाच्या वा त्याने वापरलेल्या वस्तूंच्या पूजनाला स्थान नाही. कारण स्कॉटलंडच्या चर्चने आपली शिकवण ज्या जॉन कॅल्व्हिनकडून घेतली, त्यानेच १५४३ साली एक स्वतंत्र पुस्तिका लिहून अशा अवशेषांची यथेच्छ टर उडवली होती. साहजिकच तेथील उपासनेचा भर बायबलचे वाचन आणि प्रवचन यांवर राहिला. अवशेष पाहू इच्छिणाऱ्या जालनेकराला त्यासाठी जुन्या गोव्यातील बॉम जेझुस बॅसिलिका गाठावी लागते.

या चर्चचे बांधकाम १५९४ साली सुरू झाले आणि १६०५ साली त्याचे पवित्रीकरण झाले. तेथे ज्यांचा देह आहे, ते संत फ्रान्सिस झेवियर हे जेझुइट संघाच्या संस्थापक सदस्यांपैकी एक होते. विशेष म्हणजे १५२०च्या दशकात ते आणि कॅल्व्हिन काही काळ एकाच वेळी पॅरिसमध्ये शिकत होते. १५४२ साली गोव्यात आलेले झेवियर १५५२ साली चीनच्या किनाऱ्यालगतच्या शांगचुआन बेटावर वारले. मांस लवकर झडावे म्हणून प्रेताभोवती चुना घातला होता, तरी काही महिन्यांनी उकरल्यावर देह न कुजलेला आढळला, असे तत्कालीन जेझुइट वृत्तांत सांगतात. मलाक्कामार्गे १५५४ साली तो गोव्यात आला आणि १६२२ साली झेवियर यांना संतपद मिळाले. आज मात्र हा देह अखंड नाही, कारण उजव्या हाताचा कोपराखालील भाग १६१४ साली वेगळा करून रोमला नेण्यात आला व तो तेथील जेझुइटांच्या जेझू चर्चमध्ये आहे.

बॅसिलिकेची गिलावा नसलेली तांबूस जांभ्याची भिंत पाहून आत शिरल्यावर मुख्य वेदीच्या उजव्या अंगाला संताची समाधी दिसते. गोव्यातील कारागिरांनी सतराव्या शतकात घडवलेली चांदीची पेटी उंचावर असल्याने खालून देह जवळजवळ दिसत नाही; म्हणून जाणत्याने नजर आधी तळाच्या संगमरवरी चौथऱ्याकडे वळवावी. टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो याने दिलेला हा चौथरा फ्लॉरेन्सच्या जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनीने घडवला असून तो १६९८ साली येथे उभारला गेला, आणि त्याच्या चारही बाजूंवरील कांस्यपट्टांत संताच्या जीवनातील प्रसंग उठावात कोरले आहेत.

गोव्यात झेवियर यांना ‘गोंयचो सायब’ म्हणतात आणि ३ डिसेंबरच्या फेस्ताला हिंदू भाविकही येतात. या आपुलकीबरोबर हेही ध्यानात ठेवले पाहिजे की गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मविरोधी ठरवलेल्यांची चौकशी करणारे न्यायालय, असावे अशी मागणी १५४६ साली पोर्तुगालच्या राजाकडे झेवियर यांनीच केली होती. ते प्रत्यक्षात १५६० साली, त्यांच्या मृत्यूनंतर स्थापन झाले. देहाचे जवळून दर्शन सामान्यतः दहा वर्षांतून एकदा भरणाऱ्या प्रदर्शनात होते. २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात तो मिरवणुकीने शेजारच्या से कॅथेड्रलमध्ये नेऊन ठेवला होता.