पूर्ण झालेले कोडे जपताना

गेल्या चातुर्मासात आमच्या घरी एक किल्ला उभा राहिला. सौ.च्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली होती. जिना उतरण्यास मनाई असल्याने प्रवचनाला जाणेही थांबले होते. तेव्हा जर्मनीत नोकरी करणाऱ्या आमच्या कन्येने एक हजार तुकड्यांचे जिगसॉ कोडे धाडले. त्यावर बव्हेरियातील नॉयश्वानस्टाइन या किल्ल्याचे चित्र होते. राजा दुसरा लुडविग याने १८६९ मध्ये त्याचे बांधकाम सुरू केले आणि तो हयात असेपर्यंत ते पुरे झाले नाही. सौ.ने मात्र आपला किल्ला सव्वीस दिवसांत पुरा केला. तेवढे दिवस जेवणाचे टेबल किल्ल्याकडे होते आणि आमची पाने सतरंजीवर मांडली जात. झाडे आणि बुरूज लवकर लागले. आभाळाच्या निळ्या तुकड्यांनी मात्र दहा दिवस घेतले. शेवटचा तुकडा बसवताना तिच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसले, ते त्या आजारपणात मी प्रथमच पाहत होतो.

पुढे ती दोन दिवसांसाठी बहिणीकडे गेली आणि मला दुर्बुद्धी सुचली. हे चित्र कायमचे चिकटवून, चौकट करून भिंतीवर लावावे आणि तिला चकित करावे! खातेदाराच्या संमतीवाचून त्याच्या ठेवीला हात लावू नये, असे छत्तीस वर्षे कनिष्ठांना बजावणाऱ्या माणसाने ही गोष्ट केली, हे येथे नमूद केलेच पाहिजे.

सुताराकडचा पांढरा डिंक आणला. तो दाट वाटला, म्हणून त्यात जवळपास निम्मे पाणी मिसळले आणि ब्रशने चित्रावर फासले. जिगसॉचा तुकडा म्हणजे पुठ्ठ्यावर चिकटवलेला छापील कागद. पुठ्ठा पाणी पितो, फुगतो आणि वाळताना वाकतो. सकाळी पाहतो तो किल्ल्याच्या चारही कडा भाजलेल्या पापडासारख्या वर आलेल्या! काही ठिकाणी छापील कागद पुठ्ठ्यापासून सुटला होता. खाली काही अंथरले नव्हते, त्यामुळे एक कोपरा टेबलालाच चिकटून बसला होता.

सौ. परतली. काही क्षण तिने नुसते पाहिले. मग विचारले, "अहो, यात सरस नाही ना?" जुन्या सुतारकामातला सरस जनावरांची कातडी व हाडे उकळून करीत, हे आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांना ठाऊक असे. आजचा पांढरा डिंक कृत्रिम राळेचा असतो, हे मी घाईघाईने सांगितले. "बरं," ती म्हणाली. "आणि मला विचारलं का नाही? मी ते मोडून पुन्हा लावणार होते."

हे माझ्या ध्यानीमनी नव्हते. पूर्ण झालेली वस्तू जपायची, एवढेच मला कळत होते. खरे तर या खेळाचा उगमच पुन्हा पुन्हा जुळवण्यासाठी झाला. १७६० च्या दशकात लंडनचा नकाशाकार जॉन स्पिल्सबरी याने नकाशे लाकडी फळीवर चिकटवून देशांच्या सीमांवरून कापले, ते मुलांना भूगोल शिकवण्यासाठी. तसे जुने नकाशे आजही सुट्या तुकड्यांच्या रूपात जपलेले आढळतात.

ज्यांना चिकटवायचेच आहे, त्यांनी निदान माझी चूक टाळावी. खाली बटर पेपर घालावा. डिंकात पाणी नाममात्रच असावे, आणि तो ब्रशऐवजी मुदत संपलेल्या एटीएम कार्डाने पातळ ओढावा. त्याहून बरे म्हणजे चित्र दोन सपाट फळ्यांत घट्ट धरून उलटे करावे आणि डिंक पाठीला लावावा. त्यामुळे दर्शनी बाजूला नको ती चकाकी येत नाही आणि कमीजास्त झालेला डिंक दिसत नाही. रात्रभर वाळू द्यावे. मैद्याची किंवा तांदळाची खळ मात्र वापरू नये. तिच्यातील पिष्टासाठी कसर येते, आणि नंतर त्या जिवांचे काय करायचे हा आपल्याकडे वेगळाच प्रश्न होऊन बसतो.

कन्येने तेच कोडे पुन्हा पाठवले. या वेळी आम्ही दोघे बसलो. आभाळ माझ्याकडे होते. आरंभापासूनच ते पातळ प्लायवूडवर मांडले, म्हणजे हलवण्याची चिंता नाही. चौकटीसाठी खोक्यावरील मापावर न विसंबता जुळलेले चित्रच टेपने मोजले. डिंक नाही, ही सौ.ची अट. म्हणून पुढे अॅक्रिलिकचा पत्रा आणि पाठीमागे फोमचा थर देऊन वर फळी, असे केले. दोहोंच्या दाबाने तुकडे उभ्या चौकटीतही घसरत नाहीत. अॅक्रिलिक काचेहून हलके, आणि त्यावर दमटपणाचे दव कमी धरते. ते चित्राला टेकलेले असल्याने हे महत्त्वाचे. पुसताना मात्र मऊ फडकेच हवे, ओरखडे लगेच पडतात.

फ्रेमवाला मागून खिळे ठोकणार होता. सौ.ने त्याला थांबवले आणि फिरवून उघडता येतील अशा पट्ट्या लावून घेतल्या. जागाही तिनेच ठरवली: बाहेरच्या, पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीवर नाही, खिडकीसमोरही नाही, कारण उन्हाने छपाईचे रंग उडतात. स्वयंपाकघराकडे जाणाऱ्या बोळातील आतल्या भिंतीवर तो किल्ला आता आहे. दिवाळीनंतर उतरवून मोडायचा, असा तिचा बेत आहे. रिकामे खोके कपाटात जपून ठेवले आहे.

पहिला किल्ला आठवडाभर जाड खतावण्यांखाली दाबून ठेवला, तेव्हा थोडा सपाट झाला. तो माझ्या लिहिण्याच्या टेबलावर भिंतीला टेकवून ठेवला आहे. उजव्या कोपऱ्यातले आभाळ अजूनही जरासे वर उचललेले आहे.